चाळीस युरोंचा खटला आणि हातातल्या बॅगेचे माप

ऑगस्ट २०१० मध्ये स्पेनमधल्या एका महिलेने व्हुएलिंग या स्वस्त विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून चार तिकिटे काढली. आ कोरुन्या ते ॲमस्टरडॅम, जाणे १८ ऑक्टोबरला आणि परतणे २३ ऑक्टोबरला. चौघांचे मिळून भाडे झाले २४१.४८ युरो. चौघांत मिळून दोनच सुटकेस चेक-इन करायच्या होत्या. एका सुटकेसचे एका बाजूचे १० युरो, म्हणजे दोन्हींचे जाऊन-येऊन ४० युरो. एकूण बिल २८१.४८ युरो. तिने पैसे भरले, प्रवास केला आणि परत आल्यावर ओरेन्से शहराच्या नगरपालिकेच्या ग्राहक माहिती कार्यालयात तक्रार दिली. तिकिटाच्या भाड्यात सामान यायलाच हवे होते, मग हे ४० युरो वेगळे का घेतले, एवढाच तिचा प्रश्न होता.

हा प्रश्न लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १८ सप्टेंबर २०१४ रोजी त्याचा निकाल लागला. खटल्याचा क्रमांक सी-४८७/१२. तक्रार होती चेक-इनच्या सुटकेसची, पण आज युरोपभर हातातल्या बॅगेवरून जो वाद चालू आहे त्यातले दोन्ही पक्ष याच निकालाचा आधार घेतात. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो: न्यायालयाने तत्त्व योग्य ठरवले, पण सेंटिमीटर ठरवले नाहीत. ते ठरवण्याचे काम ज्यांच्या हाती गेले त्यांचाच त्यात पैशाचा संबंध होता.

तक्रार ते लक्झेंबर्ग

नगरपालिकेच्या कार्यालयाने तक्रार गॅलिसिया प्रांताच्या ग्राहक संस्थेकडे पाठवली. त्या संस्थेने व्हुएलिंगला ३,००० युरो दंड केला. आधार होता स्पेनच्या १९६० च्या हवाई वाहतूक कायद्याचा. त्याचे कलम ९७ सांगते की ठरलेल्या वजनापर्यंतचे सामान प्रवाशासोबत तिकिटाच्या किमतीतच नेले पाहिजे. त्याहून जास्त असेल तरच वेगळा दर. याच कलमात पुढे असेही आहे की प्रवासी हातात घेऊन येतो त्या वस्तू कंपनीने केबिनमध्ये विनाशुल्क न्याव्यात; नाकारायच्या तर त्या विमानाच्या दृष्टीने वस्तूचे वजन किंवा आकार सुरक्षेला बाधक असला पाहिजे. कलमाचा हा दुसरा भाग लक्षात ठेवावा, चौदा वर्षांनी तोच पुन्हा वर आला.

कंपनीने दंडाला आव्हान दिले. तिचे म्हणणे असे की भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने, नियम क्रमांक १००८/२००८ च्या कलम २२ ने, कंपन्यांना दिले आहे. एखाद्या देशाचा कायदा ते काढून घेऊ शकत नाही. ओरेन्सेच्या प्रशासकीय न्यायालयापुढे पेच उभा राहिला: देशाचा कायदा एक म्हणतो, संघाचा नियम दुसरे. न्यायाधीशांनी तो प्रश्न लक्झेंबर्गला विचारला.

१९६० चा कायदा ज्या काळात झाला तेव्हा भाडी सरकारच्या मान्यतेने ठरत, स्पर्धा फारशी नव्हती आणि विमानाने जाणारा माणूस सुटकेस घेऊनच जाई. १९९० च्या दशकात युरोपने हवाई बाजार टप्प्याटप्प्याने खुला केला आणि भाडे ठरवणे कंपन्यांवर सोडले. त्यातून कमी भाड्याच्या कंपन्या वाढल्या आणि फक्त पाठीवर पिशवी टाकून दोन दिवसांसाठी दुसऱ्या देशात जाणारा प्रवासी तयार झाला. त्याने दुसऱ्याच्या सुटकेसचा खर्च का उचलावा, हा कंपनीचा युक्तिवाद मला रास्त वाटतो आणि न्यायालयालाही तो पटला.

न्यायालयाने आखलेली रेघ

निकालाचा पहिला भाग कंपनीच्या बाजूने गेला. चेक-इनचे सामान ही प्रवासासाठी अनिवार्य गोष्ट नाही, ती ऐच्छिक सेवा आहे, तेव्हा तिचे वेगळे पैसे घेता येतील. स्पेनचा कायदा त्याला सरसकट बंदी घालू शकत नाही. मात्र संघाच्या त्याच २००८ च्या नियमाच्या कलम २३ प्रमाणे हा जादा दर बुकिंगच्या सुरुवातीलाच स्पष्ट दाखवला पाहिजे आणि प्रवाशाने तो स्वतःहून निवडला पाहिजे. आधीच खूण केलेली चौकट चालणार नाही.

दुसरा भाग हातातल्या बॅगेचा. न्यायालयाने म्हटले की हातातले सामान हे तत्त्वतः प्रवाशाच्या वाहतुकीचा आवश्यक भाग आहे, म्हणून त्यावर जादा शुल्क लावता येत नाही. अट एवढीच की ते वजन आणि मापाच्या वाजवी अपेक्षांत बसणारे असावे आणि सुरक्षेचे नियम पाळणारे असावे.

या फरकामागचे कारण व्यवहारातले आहे. चेक-इनची सुटकेस काउंटरवर दिली की तिला टॅग लागतो, ती पट्ट्यावरून जाते, माणसे ती विमानाच्या पोटात चढवतात, उतरवतात, आणि या सगळ्या काळात तिची जबाबदारी कंपनीची असते. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार चेक-इन केलेले सामान हरवले किंवा मोडले तर भरपाई कंपनीवर येते. हातातल्या बॅगेच्या बाबतीत मात्र कंपनीची चूक असेल तरच. जिथे सांभाळण्याचा खर्च आहे तिथे दर, जिथे प्रवासी स्वतः सांभाळतो तिथे दर नाही, अशी ही रेघ आहे. मी ती कितीदा तपासून पाहिली तरी मला त्यात खोट दिसत नाही.

पण वाजवी माप म्हणजे किती, हे निकालात कुठेच नाही. न्यायालयापुढे तो प्रश्न नव्हताच, खटला चेक-इनच्या दोन सुटकेसचा होता. त्यामुळे न्यायाधीशांना दोष देता येत नाही. दोष असेल तर पुढची दहा वर्षे तो आकडा कायद्यात न घालणाऱ्यांचा.

माप कोणी ठरवले

रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त विमान कंपनीने २००६ मध्येच चेक-इन सामानाला वेगळे पैसे लावले होते. प्रवाशांनी त्यावर साहजिक उपाय केला: सगळे हातातल्या बॅगेत कोंबायचे. परिणाम केबिनमध्ये दिसू लागला. रायनएअरच्या बोइंग ७३७-८०० विमानात १८९ आसने असतात, आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार डोक्यावरच्या कप्प्यांत चाकांच्या सुमारे ९० बॅगा मावतात. विमान भरलेले असेल तर अर्ध्या लोकांच्या बॅगांना जागाच नाही. मग त्या दारातून परत काढून खाली, विमानाच्या पोटात टाकायच्या, आणि यात वेळ जातो. या कंपन्यांचे सारे गणित विमान उतरल्यापासून २५ मिनिटांत पुन्हा उडवण्यावर बसलेले असते. कप्प्यांची अडचण खोटी नाही, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने पहिला बदल केला. प्राधान्याचे, म्हणजे इतरांच्या आधी विमानात चढण्याचे, पैसे न भरणाऱ्या प्रवाशाची मोठी बॅग दारात घेऊन खाली टाकायची, पण विनाशुल्क. जागेची अडचण याने सुटत होती. मग १ नोव्हेंबर २०१८ पासून नियम आणखी कडक झाला. फुकट फक्त एक लहान पिशवी, ४० × २० × २५ सेंटिमीटरची, म्हणजे २० लिटरची. चाकांची बॅग न्यायची तर प्राधान्याचे तिकीट घ्या, नाहीतर ती १० किलोची चेक-इन बॅग म्हणून पैसे देऊन टाका.

या दोन तारखांमधले दहा महिने मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. जानेवारीच्या नियमाने कप्प्यांची कोंडी फुटली होती, कारण मोठ्या बॅगा खाली जात होत्या. नोव्हेंबरच्या नियमाने त्यात भर घातली ती दराची. पहिल्या नियमाचे समर्थन विमानाच्या रचनेवरून करता येते, दुसऱ्याचे करता येत नाही. २०१४ च्या निकालात जी गोष्ट प्रवासाचा आवश्यक भाग म्हणून वाचवली होती, ती २० लिटरपर्यंत आकुंचन पावली आणि त्यापुढचे सगळे पुन्हा विक्रीला आले. विझ एअरनेही त्याच दिवसापासून तसेच केले. ईझीजेटने फेब्रुवारी २०२१ पासून साध्या तिकिटावर आसनाखाली मावणारी ४५ × ३६ × २० ची बॅगच फुकट ठेवली.

गेटवरचा दर

आता या प्रकरणातला मला सगळ्यात अन्यायकारक वाटणारा भाग. बुकिंगच्या वेळी बॅग जोडली तर एक दर असतो. तीच बॅग बोर्डिंग गेटवर मापाच्या सांगाड्यात बसली नाही तर दर कितीतरी पट होतो. रायनएअरच्या दरपत्रकात गेटवरची ही रक्कम ७५ युरोंपर्यंत जाते. बॅग तीच, वजन तेच, विमान तेच.

कंपनी म्हणते की हा दंड आहे, नियम मोडणाऱ्याला जरब बसावी म्हणून. ते समजून घेतले तरी २०१४ च्या निकालाचा पाया आठवावा लागतो. जादा शुल्क वैध ठरले ते प्रवाशाच्या निवडीमुळे. सुरुवातीला दर पाहा, हवे असेल तर घ्या, नको तर सोडा. गेटवर उभ्या माणसापुढे अशी निवड नसते. सुरक्षा तपासणी झालेली असते, बॅग ठेवून येण्याची जागा मागे राहिलेली असते, विमान वीस मिनिटांत सुटणार असते आणि परतीचे तिकीट खिशात असते. पैसे न भरणे म्हणजे प्रवास सोडणे. अशा जागी दिलेल्या होकाराला ऐच्छिक म्हणता येत नाही. कलम २३ चा उद्देश गेटवर येऊन संपतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि न्यायालयांनी या मुद्द्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्यात माप घेणारा माणूस कोण, हा प्रश्न येतो. रायनएअरने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले की मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक बॅगेमागे मिळणारी रक्कम दीड युरोवरून अडीच युरो होईल आणि महिन्याला ८० युरोंची मर्यादाही उठेल. कंपनीने हे लपवले नाही, तेवढे श्रेय तिला द्यावे. पण ज्याच्या हाती माप आहे त्याची कमाई मापात न बसणाऱ्या बॅगांवर अवलंबून असेल, तर शंकेचा फायदा प्रवाशाला मिळणे कठीण. आपल्याकडे बाजारातल्या वजनकाट्याची पडताळणी सरकारी वैधमापन विभाग करतो, दुकानदारावर सोडत नाही. गेटवरच्या सांगाड्यालाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे? चाक आणि मूठ धरून माप घ्यायचे की नाही, मऊ पिशवी दाबून बसली तर चालते की नाही, हे सगळे कायद्याने लिहिता येण्यासारखे आहे.

स्पेन पुन्हा रिंगणात

२०१९ मध्ये माद्रिदच्या एका व्यापारी न्यायालयापुढे माद्रिदहून ब्रसेल्सला गेलेल्या प्रवासी महिलेचे प्रकरण आले. तिच्याकडून रायनएअरने हातातल्या बॅगेचे २० युरो घेतले होते. बॅग माप आणि वजन पाहता केबिनमध्ये सहज मावणारी होती. न्यायाधीशांनी कंपनीची ती अट ग्राहकावर अन्याय करणारी ठरवून रद्द केली आणि २० युरो व्याजासह परत द्यायला सांगितले. पण हा निकाल इतरांवर बंधनकारक नव्हता. कंपनीनेही लगेच सांगितले की आपले धोरण बदलणार नाही. वीस युरोंसाठी प्रत्येक प्रवाशाने वकील गाठावा ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि म्हणून सरकारने उतरणे आवश्यक होते.

ते २२ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. स्पेनच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरो दंड जाहीर केला. रायनएअरला १०.७८ कोटी, व्हुएलिंगला ३.९३ कोटी, ईझीजेटला २.९१ कोटी, आणि नॉर्वेजियन व व्होलोतेआ यांना त्या मानाने लहान रकमा. हातातल्या बॅगेचे शुल्क हे मुख्य कारण. त्याबरोबर मुलांच्या किंवा आश्रितांच्या शेजारचे आसन मिळवण्यासाठी पैसे घेणे, बोर्डिंग पास छापून देण्याचे अवाच्या सवा शुल्क, विमानतळावर रोख न स्वीकारणे अशा गोष्टीही होत्या. पाया पुन्हा कलम ९७, यावेळी त्याचा दुसरा भाग. कंपन्या अर्थातच न्यायालयात गेल्या.

इथे प्रकरणाला वळण मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, स्पेनलाच औपचारिक नोटीस पाठवली: हातातल्या सामानावर शुल्क घेण्यास मनाई करणारा तुमचा कायदा भाडे-स्वातंत्र्याच्या नियमाशी जुळत नाही. म्हणजे २०१० मधला मूळ वाद, तेच कलम आणि तोच २००८ चा नियम घेऊन, पुन्हा उभा राहिला. कायद्याच्या चौकटीत आयोगाला मुद्दा आहे. २०१४ चा निकाल वाजवी मापाच्या बॅगेलाच संरक्षण देतो, तर स्पेनचे कलम सुरक्षेखेरीज दुसरी मर्यादा सांगत नाही. पण स्पेनला नोटीस पाठवण्याआधी वाजवी माप किती हे आयोगानेच का ठरवून दिले नाही, हा प्रश्न मला पडतो. युरोपीय संसदेने ४ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावात केबिनच्या सामानाला समान नियम हवेत असे आधीच सांगितले होते.

आकड्यांकडे गाडी सरकली ती २०२५ मध्ये. कंपन्यांच्या युरोपीय संघटनेने आपल्या सदस्यांतर्फे ४० × ३० × १५ ची पिशवी सगळीकडे फुकट मिळेल असे जाहीर केले. ते होतात १८ लिटर, म्हणजे रायनएअरच्या जुन्या मापाहूनही कमी. रायनएअरने स्वतः आपले माप ४० × ३० × २० केले, २४ लिटर. दुसरीकडे संसदेच्या वाहतूक समितीने जूनमध्ये मागणी केली की आसनाखालच्या या पिशवीसोबत एक लहान केबिन बॅगही फुकट असावी: तिन्ही बाजूंची बेरीज १०० सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ७ किलोपर्यंत. मला समितीचा आकडा योग्य वाटतो. जागा कमी पडली तर बॅग खाली टाका, पण पैसे न घेता. जानेवारी २०१८ मध्ये हीच पद्धत प्रत्यक्षात चालत होती.

आपल्या बॅगेचे गणित

भारतातून युरोपात शिकायला किंवा फिरायला गेलेल्या माणसाला या वादाची झळ एका विशिष्ट कारणाने बसते. आपल्याकडे सर्वांत स्वस्त तिकिटावरही ७ किलोची केबिन बॅग फुकट असते. इंडिगोचे माप ५५ × ३५ × २५, बेरीज ११५ सेंटिमीटर. एअर इंडियाचे ५५ × ४० × २०, बेरीज तीच. पुण्यात किंवा ठाण्यात दुकानदार केबिन साइज म्हणून जी बॅग दाखवतो ती बहुतेक या ११५ च्या हिशेबातली असते.

रायनएअरची पैसे भरून न्यायची केबिन बॅग ५५ × ४० × २० ची. बेरीज इथेही ११५. पण गेटवर बेरीज करत नाहीत, सांगाड्यात बॅग घालतात. ५५ × ३५ × २५ ची बॅग पाच सेंटिमीटर जाड पडते आणि अडकते, प्रवाशाने प्राधान्याचे पैसे भरलेले असले तरीही. विझ एअरच्या ५५ × ४० × २३ च्या मापातही ती बसत नाही. ईझीजेटच्या ५६ × ४५ × २५ मध्ये बसते. युरोपात फिरण्यासाठी बॅग विकत घ्यायची असेल तर जाडी २० सेंटिमीटर, चाकांसह, हे धरून घ्या. फुकटात जायचे असेल तर ४० × ३० × २० ची मऊ पाठपिशवी, आणि ईझीजेटमध्ये तीही आरामात चालते.

भारतातही हा वाद दुसऱ्या वाटेने होऊन गेला आहे. २०१३ मध्ये सेवा वेगवेगळ्या विकायची मुभा मिळाल्यावर खासगी कंपन्यांनी देशांतर्गत चेक-इनची मर्यादा २० किलोवरून १५ वर आणली. जून २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आदेश काढला की १५ ते २० किलोच्या दरम्यान किलोमागे १०० रुपयांहून जास्त घेऊ नये. कंपन्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला, कारण दर ठरवण्याचा अधिकार महासंचालनालयाला नाही. लक्झेंबर्गच्या निकालाचा पहिला भाग आणि हा निकाल एकाच दिशेचे आहेत. दुसरा भाग, हातातली बॅग आवश्यक म्हणून वाचवणारा, आपल्याकडच्या कोणत्या निकालात माझ्या पाहण्यात आलेला नाही. सात किलोची सवलत टिकून आहे ती बाजाराच्या रीतीवर. आपल्याकडच्या कमी भाड्याच्या कंपन्यांनी युरोपातल्या कंपन्यांचा कित्ता गिरवण्याआधीच हा आकडा नियमात लिहून घेणे आपल्या ग्राहक संघटनांना शक्य आहे.

आणि आज ज्यांचे युरोपातले तिकीट काढलेले आहे त्यांच्यासाठी: बॅग भरून झाल्यावर तिन्ही बाजू टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो काढून ठेवा. गेटवर पैसे मागितले आणि बॅग मापात आहे अशी खात्री असेल तर ती सांगाड्यात घालून दाखवा, त्याचाही फोटो घ्या. तरीही भरावे लागले तर बॅगेच्या शुल्काची वेगळी पावती मागा आणि विमान स्पेनमधून सुटले असेल तर तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर तिथल्या ग्राहक कार्यालयाकडे जाता येते.